बोटाखालचा निरोप : मोटारीतल्या संकेतांच्या अभ्यासाची प्रस्तावना

एसटीच्या गाडीत छतालगत मागून पुढे गेलेली ती दोरी अनेकांना आठवत असेल. कंडक्टरने ती एकदा ओढली की ड्रायव्हर गाडी थांबवायचा, दोनदा ओढली की गाडी निघायची. गाडी हलवण्याची ताकद त्या दोरीत कुठून असणार? ती निरोप पोचवायची, आणि तो कळण्यासाठी दोन्ही टोकांच्या माणसांना एकच ठराव ठाऊक असावा लागायचा. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

आज चारचाकीत बसून स्टेअरिंगवरचं आवाज वाढवण्याचं बटण आपण अंगठ्याने दाबतो तेव्हा याच जातीची गोष्ट घडते. ते बटण रेडिओचा आवाज स्वतः वाढवत नाही, ‘आवाज वाढवा’ एवढं कळवतं. हे कळवणं विजेच्या भाषेत कसं होतं, फिरत्या चाकातून स्थिर गाडीपर्यंत ते कसं उतरतं आणि वाटेत ते कुठे बिघडतं, हा या पुस्तकाचा विषय आहे. मोटारीच्या विद्युत अभ्यासात शिरायला अनेक दारं आहेत. बॅटरी, स्टार्टर, अल्टरनेटर ही नेहमीची. मी मुद्दाम स्टेअरिंगचं दार निवडलं आहे, कारण वीतभर जागेत या विषयाचे जवळजवळ सगळे मोठे प्रश्न तिथे एकत्र भेटतात.

सुरुवात हॉर्नपासून करू, कारण स्टेअरिंगवरचं सगळ्यात जुनं बटण तेच. दोन हॉर्न एकदम वाजतात तेव्हा ते मिळून साधारण आठ-दहा अँपिअर विद्युतधारा ओढतात. एवढी धारा थेट बटणातून न्यायची तर बटणाचे संपर्क जळतात आणि जाड वायर चाकापर्यंत आणावी लागते. म्हणून रिले आला. बटण आता फक्त रिलेच्या गुंडाळीला अर्थ (म्हणजे बॉडी अर्थची जोडणी) देतं. बारा व्होल्टवर त्या गुंडाळीतून जेमतेम 0.15 अँपिअर जातात, आणि हॉर्नची आठ-दहा अँपिअरची धारा रिले स्वतःच्या संपर्कांतून बाहेरच्या बाहेर पाठवतो. पुढे स्टेअरिंगवर रेडिओची, फोनची, क्रूझ कंट्रोलची बटणं आली. त्यांच्या मंडलात बहुधा पाच व्होल्ट आणि एक हजार ओहमच्या आसपासचा रोध असतो, म्हणजे धारा जास्तीत जास्त 0.005 अँपिअर. दहा अँपिअर, मग दशांश पंधरा, मग दशांश शून्य शून्य पाच. बोटाखालची धारा दोन हजार पटींनी घटली आणि तेवढ्या काळात तिच्यात भरलेला अर्थ वाढत गेला. या एका वाक्यात मोटारीच्या विद्युत इतिहासाचा गाभा आहे असं मी मानतो. पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण याच वाटेवरचं एकेक ठिकाण आहे.

आता अडचण अशी की चाक फिरतं आणि गाडी फिरत नाही. साधी वायर लावली तर दोन-चार वळणांत तिला पीळ पडेल आणि ती तुटेल. जुन्या गाड्यांत हॉर्नपुरती एकच जोडणी पुरे होती. पितळेची किंवा तांब्याची कडी आणि तिच्यावर स्प्रिंगने टेकलेला संपर्क, एवढ्यावर भागायचं. घासला जाणारा हा संपर्क क्षणभर सुटला तर हॉर्न जरा खरखरायचा, त्याहून मोठं नुकसान नव्हतं. एअरबॅग आल्यावर हे चालेना. मर्सिडीज-बेंझने 1980 च्या दशकाच्या आरंभी आपल्या एस-क्लासमध्ये चालकाची एअरबॅग देऊ केली आणि हळूहळू ती साऱ्या जगात पसरली. एअरबॅग फुगवणारा ठिणगीचा घटक अवघ्या दोन-तीन ओहमचा असतो. धडक झाल्यावर काही मिलिसेकंदांत त्याला धारा मिळालीच पाहिजे, आणि एरवी गाडीचा संगणक त्याचा रोध सतत तपासत असतो. तिथे घासणारा, अधूनमधून सुटणारा संपर्क कसा चालेल?

यावरचं उत्तर फार देखणं आहे. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक चपटी, लवचिक फीत एका गोल डबीत ठेवायची. फितीचं आतलं टोक चाकाबरोबर फिरणाऱ्या भागाला जोडायचं, बाहेरचं टोक स्थिर भागाला. चाक एका बाजूला फिरलं की फीत घट्ट होते, उलट फिरलं की सैल होते. कुठेही घासणं नाही, सुटणं नाही, तांब्याचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. हीच क्लॉक स्प्रिंग. काही कंपन्यांच्या पुस्तकांत तिला स्पायरल केबल म्हणतात, काहींत कॉन्टॅक्ट कॉइल. नावं वेगळी असली तरी वस्तू तीच. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन फेरे फिरतं, आणि फितीला मध्यापासून दोन्ही बाजूंना अडीचेक फेऱ्यांची मोकळीक ठेवलेली असते. म्हणून ती बसवताना मध्यावर आणूनच बसवायची. हे न करता बसवलेली क्लॉक स्प्रिंग पहिल्या अरुंद वळणावरही तुटू शकते, आणि हॉर्न, बटणं व एअरबॅग तिन्ही एकाच वेळी जातात. तिन्ही एकदम गेले असतील तर दोष कुठे शोधायचा, हे यावरून तुमच्या लक्षात आलंच असेल. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्यामुळे एरवी साध्यातल्या साध्या असलेल्या गाडीतही ही फीत आता असतेच.

फितीत पट्टे मात्र मोजकेच असतात. एअरबॅगला दोन, कधी चार, आणि हॉर्नला एक. उरलेल्या एक-दोन पट्ट्यांतून आठ-दहा बटणांचे निरोप खाली उतरवायचे. हे कसं साधतं ते पाहताना विद्यार्थ्यांचे डोळे चमकतात, असा माझा वर्गातला अनुभव आहे. त्यासाठी लागतो तो फक्त ओहमचा नियम. गेओर्ग ओहम नावाच्या जर्मन शिक्षकाने तो 1827 साली प्रसिद्ध केला आणि आपण तो शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात शिकलो आहोत.

रोधांची एक शिडी डोळ्यांपुढे आणा. एका तारेवर चार रोध एकसर जोडले आहेत. पहिल्या रोधाच्या आधी एक बटण, मग प्रत्येक रोधानंतर एकेक, आणि सगळ्यांत शेवटी एक कायमचा रोध थेट अर्थला. जे बटण दाबाल ते आपल्या जागी तारेला अर्थ देतं, आणि त्याच्या पलीकडची शिडी जणू नाहीशी होते. आकडे घेऊ, हिशेबाला सोपे. रेडिओच्या बाजूने पाच व्होल्ट आणि एक हजार ओहमचा रोध आहे. ‘म्यूट’ दाबलं तर वाटेत रोध शून्य. ‘आवाज वाढवा’ला 100 ओहम, ‘आवाज कमी करा’ला 330, ‘पुढचं गाणं’ 680, ‘मागचं गाणं’ 1500. काहीच दाबलं नाही तर सगळी शिडी मिळून 4700. पाच व्होल्ट या दोघांत वाटले जातात. मग रेडिओच्या टोकाशी अनुक्रमे 0, 0.45, 1.24, 2.02 आणि 3 व्होल्ट दिसतात, आणि बोट उचललेलं असताना 4.12. रेडिओतला छोटा संगणक पाच व्होल्टांचे 1024 भाग पाडून मोजतो, एक भाग म्हणजे पाच मिलिव्होल्टांहून थोडा कमी. 1.24 व्होल्ट म्हणजे 254 वा भाग. त्याच्या आसपासचा पट्टा ‘आवाज कमी करा’साठी राखलेला आहे, हा झाला ठराव. एकच तार, पण तिच्यावर सहा निरोप.

शेवटच्या त्या कायमच्या रोधाकडे क्षणभर थांबून बघा. तो नसता तर कोणी बटण दाबलेलं नसताना पूर्ण पाच व्होल्ट दिसले असते, आणि तार तुटली असतानाही पाचच. रोध आहे म्हणून 4.12 म्हणजे ‘सगळं ठीक आहे, कोणी काही म्हणत नाही’ आणि 5 म्हणजे ‘वाट तुटली’. गप्प बसणं आणि वाचा जाणं या दोहोंतला फरक एका रोधाने सांगता येतो. संकेतांच्या शास्त्रात मला सगळ्यात आवडणारी कल्पना हीच. पुढे एअरबॅगच्या आणि ब्रेकच्या मंडलांतही ती पुन्हा पुन्हा भेटेल.

या शिडीचं मोल मला पटलं ते माझ्याच गाडीमुळे. एका पावसाळ्यात ‘आवाज वाढवा’ दाबलं की आवाज कमी व्हायला लागला. रोज नाही, दमट सकाळी हमखास. एका गॅरेजमध्ये नेली, त्यांनी रेडिओ बदलायला सांगितला. बदलला, पैसे दिले, आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रकार. शेवटी मी गाडी वर्गासमोर उभी केली. मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकणाऱ्या एका मुलीने कोणी सांगण्याआधीच रेडिओ बाहेर काढला, मागचा कपलर सुटा केला आणि बटणांच्या तारेवर मल्टिमीटर लावला. दुसऱ्याला तिने ‘आवाज वाढवा’ दाबायला सांगितलं. मीटरवर 100 च्या आसपास यायला हवं होतं, आले 337. तिने वहीत गणित मांडलं. 337 भागिले 1337, गुणिले पाच, 1.26 व्होल्ट. म्हणजे ‘आवाज कमी करा’चा पट्टा. रेडिओचं काही चुकलं नव्हतं. त्याला जे सांगितलं गेलं ते त्याने इमाने केलं होतं.

मग बटणांचा संच उघडला. आत सिलिकॉन रबराची गादी असते. प्रत्येक बटणाखाली तिला एक छोटा घुमट, घुमटाच्या तळाशी मसुराच्या दाण्याएवढी काळी कार्बनची टिकली. बोट दाबलं की ती टिकली खालच्या पट्टीवरच्या दोन वाटांवर टेकते आणि त्यांना जोडते. ‘आवाज वाढवा’च्या टिकलीखाली दमट धुळीचा पुसटसा पापुद्रा होता. नखाने खरवडावा एवढासुद्धा नाही, तिरप्या उजेडातच दिसेल असा. तेवढ्याने अडीचशे ओहमची भर पडली होती. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि सुती कापड, दहा मिनिटांचं काम. पुन्हा मोजलं तेव्हा 104.

यात एक खोल गोष्ट आहे आणि ती मी त्या दिवशी वर्गाला सांगितली. जुन्या हॉर्नच्या बटणात असा पापुद्रा टिकत नसे, कारण बारा व्होल्ट आणि चांगली दमदार धारा तो जाळून टाकत असे. पाच मिलिअँपिअरच्या धारेत ती धमक नाही. मोठी धारा मळ खपवून घेते, लहान धारेला तो खपत नाही. म्हणून विद्युतधारा जसजशी निरोप्याचं काम करू लागली, तसतशी संपर्कांची स्वच्छता, सोन्याचा मुलामा, पाणी न शिरणारे कपलर यांची किंमत वाढली. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या खाऱ्या, दमट हवेत गाड्या दुरुस्त करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यांनी ते पुस्तकाआधी हातांनी शिकलेलं असतं. पुस्तकाने त्या शिकण्याला कारण पुरवायचं असतं.

बटणं वाढली तशी शिडीही अपुरी पडू लागली. पंधरा-वीस बटणं एका तारेवर बसवायची तर व्होल्टचे पट्टे इतके चिंचोळे होतात की जरा मळ, जरा उष्णता, आणि एक निरोप दुसऱ्याच्या घरात शिरतो. तेव्हा चाकातच एक छोटा संगणक बसवला गेला. तो बटणं जागच्या जागी वाचतो आणि खाली आकडे पाठवतो. बटणाचे संपर्क टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात, एका दाबाचे पाच-सात दाब होतात. ही थरथर ओळखून ती एकच मोजायची, हेही त्याचंच काम.

खाली आकडे पाठवायची जी पद्धत चाकात फार वापरली जाते तिचं नाव लिन. 1990 च्या दशकाच्या अखेरीस युरोपातल्या काही मोटार कंपन्या एकत्र आल्या आणि 2002 मध्ये तिची वापरण्याजोगी आवृत्ती पक्की झाली. एकच तार, बारा व्होल्ट, सेकंदाला जास्तीत जास्त वीस हजार बिट. तिची शिस्त वर्गातल्या हजेरीसारखी आहे. गुरुजी क्रमांक पुकारतात, ज्याचा क्रमांक तोच ‘हजर’ म्हणतो, बाकीचे गप्प. गाडीचा मुख्य घटक ठरावीक अंतराने पुकारतो, ‘स्टेअरिंगची बटणं?’ आणि चाकातला संगणक उत्तर देतो, ‘सातवं दाबलेलं आहे’, ‘कोणतंही नाही’. सोबत बेरजेची एक पडताळणीही जोडतो. उत्तरच आलं नाही तर गैरहजेरी लागलीच म्हणून समजा.

गाडीतल्या घटकांनी एकमेकांना आकडे पाठवायची दुसरी पद्धत म्हणजे कॅन. तिची रीत निराळी. बॉश कंपनीने 1983 पासून ती घडवली आणि 1986 च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटमधल्या अभियंत्यांच्या अधिवेशनात जगापुढे मांडली. 1991 च्या एस-क्लासमध्ये ती रस्त्यावर आली. एकमेकींना पिळलेल्या दोन तारा, शांत असताना दोन्हीवर अडीच व्होल्ट. बोलताना एक साडेतीनवर चढते, दुसरी दीडवर उतरते, आणि ऐकणारा दोघींतला फरक तेवढा ऐकतो. बाहेरून आलेला गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच पडतो, फरकात तो उरत नाही. इथे पुकारणारा कोणी नाही, कोणीही बोलू शकतो. दोघे एकदम बोलले तर? प्रत्येक निरोपाच्या आरंभी त्याचा क्रमांक असतो. ज्याचा क्रमांक लहान त्याचा शून्य आधी येतो, आणि शून्य एकावर मात करतो. मोठ्या क्रमांकाचा घटक हे ऐकून स्वतःच थांबतो. लहान क्रमांकाचा निरोप एकही बिट न गमावता पुढे जातो. भांडण मिटतं आणि वेळही वाया जात नाही. सेकंदाला पाच लाख बिटांच्या वेगात एक निरोप पाव मिलिसेकंदात पोचतो. ब्रेकचे निरोप आणि गाण्याचे निरोप एकाच गाडीत नांदतात ते या शिस्तीमुळे. कॅनवर एक अख्खं प्रकरण आहे, म्हणून इथे एवढंच.

बटणं चाकावर आणायचा मूळ हेतू हात चाकावर आणि नजर रस्त्यावर ठेवायचा. शर्यतीच्या गाडीतही हेच झालं. 1989 मध्ये फेरारीच्या संघाने गिअर बदलायचे पॅडल स्टेअरिंगच्या मागे बसवून ब्राझीलची शर्यत केली. संघाचा चालक नायजेल मॅन्सेल ती जिंकला, आणि वाटेत पिटमध्ये त्याच्या गाडीचं स्टेअरिंगच बदलावं लागलं होतं. चाकातच विजेचा संसार मांडला की चाक सोडताना आणि जोडताना त्यातला प्रत्येक संपर्क सुटून पुन्हा जुळावा लागतो. क्लॉक स्प्रिंग वळणांशी झुंजते, शर्यतीच्या गाडीचा कपलर अशा सोडण्या-जोडण्याशी.

हे पुस्तक मराठीत का, असं मला अनेकांनी विचारलं. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात देशातल्या कितीतरी गाड्या तयार होतात. गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच 1966 मध्ये उभी राहिली. त्या कारखान्यांत काम करणारी आणि त्या गाड्या दुरुस्त करणारी हजारो मुलं-मुली मराठीत विचार करतात, आणि कंपनीचं इंग्रजी पुस्तक समोर आलं की गप्प होतात. ती मंद नाहीत. त्यांच्या हातातल्या ज्ञानाला वाक्य मिळालेलं नाही. शब्दांच्या बाबतीत मी एक धोरण ठरवलं आहे. रोध, विद्युतधारा, एकसर, समांतर हे शाळेतले शब्द तसेच ठेवले, कारण ते नेमके आहेत आणि सर्वांना येतात. कपलर, रिले, फ्यूज, बॉडी अर्थ हे गॅरेजचे शब्दही तसेच ठेवले, कारण तेच जिवंत आहेत. नवे संस्कृत शब्द पाडायचा मोह टाळला. ज्याला गॅरेजमध्ये कोणी हाक मारत नाही त्या शब्दाचा वायरिंगला उपयोग नाही.

वाचायला कोणतंही पूर्वज्ञान लागणार नाही. भागाकार येत असेल आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर असेल तर तुमचं स्वागत आहे. गृहिणी असा, रिक्षावाले असा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात असा, पहिली तीन प्रकरणं सर्वांना सारखीच वाचावी लागतील. आकडे डोळ्यांनी वाचून पुढे जाऊ नका, कागदावर करून बघा. शिडीचं गणित एकदा स्वतःच्या हाताने सोडवलं की गाडीतल्या निम्म्या सेन्सरांची भाषा कळू लागते. इंजिनाचं तापमान मोजणारा सेन्सर आणि टाकीतली पेट्रोलची पातळी सांगणारा तरंगता गोळाही बहुतेक गाड्यांत याच भाषेत बोलतात.

एक विनंती मात्र आधीच करतो, कारण पुस्तक मिळालं की तुम्ही थेट गाडीकडे जाल हे मला ठाऊक आहे. रेडिओमागच्या तारा मोजा, बटणांचा सुटा केलेला संच मोजा. पण स्टेअरिंगच्या मध्यभागातला पिवळा कपलर एअरबॅगचा असतो. चाक उघडण्याआधी इग्निशन बंद करा, बॅटरीची ऋण बाजू काढा आणि कंपनीच्या पुस्तकात सांगितली असतील तेवढी मिनिटं थांबा, कारण एअरबॅगच्या घटकात बॅटरी काढल्यावरही काही काळ वीज साठलेली राहते. आणि एअरबॅगला रोध मोजायला मल्टिमीटर कधीही लावू नका. मीटरची धारा लहान असते हे खरं, पण तिथे लहान धारेलाही निरोप समजण्याचा धोका आहे.